सेवेचा कार्यक्रम की कार्यक्रमाची सेवा?

वर्ष सरत आले, की महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीत दोन कागद तयार होतात. एक सरत्या वर्षाचा अहवाल आणि दुसरा येत्या वर्षाचा नियोजित कार्यक्रम. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तर त्यांत फरक एवढाच दिसतो, की पहिल्यात ‘संपन्न झाला’ असे असते आणि दुसऱ्यात ‘संपन्न होईल’. वक्ते बदलतात, पाहुणे बदलतात. यादी बदलत नाही. 21 जूनला योगदिन, जुलैत वृक्षारोपण, 24 सप्टेंबरला योजनेचा वर्धापनदिन, 2 ऑक्टोबरला स्वच्छता, 26 नोव्हेंबरला संविधान दिन, 1 डिसेंबरला एड्स जागृतीची फेरी, 12 जानेवारीला युवकदिन, 25 जानेवारीला मतदार दिन, मध्येच केव्हातरी रक्तदान, हिवाळ्यात सात दिवसांचे शिबिर आणि शेवटी स्नेहभोजन. यंदाही तसाच कागद तयार होत आहे. तो पक्का होण्यापूर्वी एका स्वयंसेविकेचे चार शब्द कानी पडावेत, म्हणून हा लेखप्रपंच.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. ही टीका योजनेवर नाही. योजनेमागचा विचार फार मोठा आहे. 1959 साली डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र शासनाने एक समिती नेमली होती. महाविद्यालयात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी नऊ महिने ते वर्षभर सक्तीने राष्ट्रसेवा करावी, अशी त्या समितीची सूचना होती. ती खर्चाची आणि अवघड वाटली. पुढे के. जी. सय्यदेन यांनी इतर देशांतील पद्धतींचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे सुचविले. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत ही योजना सुरू केली. त्या वेळी 40,000 विद्यार्थी तीत होते. ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ हे तिचे ब्रीद आणि कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे चाक हे तिचे चिन्ह. चाक हे चालण्यासाठी असते, भिंतीवर रंगविण्यासाठी नव्हे, एवढे तरी आपण त्यावरून घ्यावे!

वर्षभर सेवेची ती कल्पना होती. आज आपल्या वाट्याला वर्षाला 120 तास येतात, म्हणजे दोन वर्षांचे 240 तास. रात्र धरून हिशेब केला तर हे अवघे दहा दिवस होतात. महाविद्यालयीन आयुष्यातील हे दहा दिवस समाजाचे आहेत. त्यांपैकी किती तास आपण खुर्चीवर बसून काढतो आणि किती तास उभे राहून, हा माझा पहिला प्रश्न आहे.

आधी वक्त्यांविषयी. आपल्याकडे व्याख्यानाची परंपरा थोर आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती आजही चालू आहे. चांगले व्याख्यान ऐकून माणूस बदलतो, यात शंका नाही. परंतु आपल्या व्याख्यानाची घडण कशी असते? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग व्याख्यान, अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन. दोन तासांच्या समारंभात मूळ विषयाला जेमतेम पाऊण तास मिळतो आणि प्रश्नांना तर वेळच उरत नाही. ‘ग्रामीण भागातील आरोग्य’ या विषयावर बोलणाऱ्या पाहुण्यांसमोर बसलेल्या मुलामुलींपैकी निम्मीअधिक एस.टी.ने खेड्यांतूनच आलेली असतात. त्यांच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप असते की ते उघडे असते, हे त्यांना ठाऊक असते. पण त्यांना कोणी विचारीत नाही आणि तीही बोलत नाहीत.

या ठिकाणी मला संत गाडगेबाबांची आठवण होते. त्यांचे आयुष्य 1876 ते 1956 असे ऐंशी वर्षांचे. बाबा एखाद्या गावात गेले, की प्रथम हातात खराटा घेत. दिवसभर गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी झाडू, नंतर वाणी. शिवाय त्यांचे कीर्तन म्हणजे एकट्याचे भाषण नव्हते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच पुढे जात. आपण आज ज्याला वेगवेगळ्या रकान्यांत ‘व्याख्यान’, ‘सेवा’ आणि ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणतो, ती तिन्ही एका दिवसात, एका माणसात एकत्र होती. आपण ती वेगळी केली आणि क्रमही उलटा केला. आधी भाषण, मग फोटो, आणि वेळ उरला तर खराटा!

आता सेवेच्या उपक्रमांकडे वळू. रक्तदानाचेच उदाहरण घेते, कारण ते सर्वांत पवित्र आणि सर्वांत गाजलेले. एखाद्या जयंतीला किंवा वर्धापनदिनी शिबिर होते, पिशव्यांचा आकडा फलकावर लागतो, मागच्या वर्षीपेक्षा तो जास्त असला की टाळ्या पडतात. पण रक्त हे काही धान्य नव्हे, की कोठारात भरून ठेवावे. साध्या पिशवीतील संपूर्ण रक्त सुमारे 35 दिवस टिकते आणि त्यातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट तर 5 दिवस. शहरातील चार संस्थांनी एकाच आठवड्यात शिबिरे घेतली, तर त्या महिन्यात साठा भरून वाहतो; आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद आणि माणसे गावी गेलेली असताना, नातेवाईक रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवतात. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्यांचा आजार आपल्या वर्धापनदिनाची वाट पाहत नाही. पुरुषाला 90 दिवसांनी आणि स्त्रीला 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. मग आपल्या दात्यांच्या चार तुकड्या पाडून वर्षभर आळीपाळीने रक्तदान का होऊ नये? त्यात फलकावर मोठा आकडा येणार नाही हे खरे. पण गरज असेल तेव्हा रक्त मिळेल.

याच शिबिराची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. दात्याचे हिमोग्लोबिन किमान 12.5 असावे लागते. आमच्या वर्गातील मुली मोठ्या उत्साहाने रांगेत उभ्या राहतात आणि बोटाला सुई टोचून झाली, की एकामागून एक परत फिरतात. मीही परतले. माझे हिमोग्लोबिन 10.4 भरले. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी समजावून सांगितले, ‘पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा,’ आणि पुढच्या मुलीला हाक मारली. शिबिराच्या अहवालात रक्त दिलेल्यांची संख्या छापून येते. परत पाठविलेल्यांची येत नाही. वास्तविक त्या दिवसाची खरी बातमी तीच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत आढळल्या. म्हणजे आमची रांग ही काही अपवाद नव्हती. ज्या मुली परत गेल्या, त्यांचीच यादी करून, लोहाच्या गोळ्या मिळवून देऊन, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली असती, तर ते रक्तदानाइतकेच मोठे काम ठरले नसते काय? काम आपल्या दारात चालून आले होते. पण ते यादीत नव्हते, म्हणून कोणाला दिसले नाही.

शिबिराबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलता येते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आणि ज्या खेड्यांत अशी शिबिरे भरतात, त्यांपैकीच एक माझे गाव. मी सातवीत असताना एका महाविद्यालयाचे शिबिर आमच्या शाळेत उतरले होते. दादांनी आणि तायांनी मन लावून शोषखड्डे खणले. खड्ड्यात दगड-गोटे भरले, वर भोके पाडलेले मडके बसविले, रोज संध्याकाळी गाणी म्हटली आणि आठव्या दिवशी टेम्पोत बसून सर्वजण गेले. त्या मडक्यातील गाळ वेळोवेळी काढावा लागतो, हे मात्र कोणी कोणाला नेमून दिले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात खड्डे तुंबले आणि सांडपाणी पुन्हा रस्त्यावर आले. गावाने त्या मुलांना नावे ठेवली नाहीत. ‘पोरं गुणी होती, पण पाहुणी होती,’ एवढेच आमची आजी म्हणाली.

त्याच शिबिरातील एक ताई मात्र नंतरही तीन-चार रविवार आपल्या खर्चाने आल्या. आमच्या गल्लीतील बायांना त्यांनी सही करायला शिकविले. त्यांत माझी आई होती. आज बचत गटाच्या वहीत आई स्वतःची सही करते. गल्लीतील शोषखड्डे कुठे होते हे आता दाखविताही येणार नाही. पण ती सही आहे. त्या ताईंच्या कामाचे ना उद्घाटन झाले, ना समारोप. कोणत्याही अहवालात त्याची नोंद नसेल. फरक कष्टांचा नव्हता, कारण खड्डे खणणाऱ्यांनीही घाम गाळला होताच. फरक होता पुन्हा येण्याचा.

‘गावकरी सहकार्य करीत नाहीत, ओट्यावर बसून आमची गंमत पाहतात,’ ही तक्रार प्रत्येक शिबिरानंतर ऐकू येते. त्यावर गावातली एक मुलगी म्हणून मला बोलणे भाग आहे. आपले शिबिर डिसेंबर-जानेवारीत असते. त्या वेळी गहू-हरभऱ्याला पाणी देणे चालू असते. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची येते. रात्रभर थंडीत दारे धरून आलेला माणूस दुपारी तीन वाजता ‘व्यसनमुक्ती’वरील व्याख्यानाला कसा येईल? बाया खुरपायला नाही तर कापूस वेचायला गेलेल्या असतात. उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. त्यांनाच आपण ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ म्हणून लिहितो! शिबिराआधी महिनाभर दोघातिघांनी गावात जाऊन ‘तुम्हांला वेळ केव्हा असतो आणि तुमची अडचण कोणती,’ एवढे दोनच प्रश्न विचारले असते, तर व्याख्यानाची वेळही बदलली असती आणि कदाचित विषयही.

आपल्या शहरांतून रोटरी, लायन्स यांसारखे सेवा क्लब असतात. त्यांच्या जेवणावळी आणि हारतुरे यांची आपण चेष्टा करतो. पण त्यांच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. रोटरीची स्थापना 1905 साली शिकागोत झाली आणि 1907 साली तिने हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम होते शौचालयाचे. दर आठवड्याला एक सभा आणि एक वक्ता ही तिची जुनी रीत. त्या हजारो वक्त्यांची नावे आज कोणाला आठवत असतील? आठवते ते एकच काम. 1985 साली तिने पोलिओ निर्मूलनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि सोडला नाही. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि घरोघर फिरणाऱ्या आपल्याकडील अंगणवाडी सेविका व आशाताई, या सर्वांच्या कष्टांतून भारतातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात नोंदला गेला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोन देशांत रोग अजून टिकून आहे, म्हणून काम अजून चालूच आहे. चाळीस वर्षे एकच काम! आपण एका वर्षात चाळीस कामे करतो.

मग स्नेहभोजन, शेकोटी, गाणी, नाटुकली हे सारे बंद करावे काय? मुळीच नाही. उलट ते अधिक गांभीर्याने करावे, असे माझे मत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहिली आणि एका पंगतीत जेवली. ते जेवण म्हणजेच समाजकार्य होते. आपल्या शिबिरातील जेवण शाळेच्या आवारात होते आणि गावातील जेवण ठराविक चार मोठ्या घरांत. सात दिवसांपैकी एक सायंकाळ तरी गावातील प्रत्येक वस्तीत, गावकुसाबाहेरच्या वस्तीतही, भाकरी खाण्यात जावी. एका पंगतीने जे साधते, ते समतेवरील तीन व्याख्यानांनी साधत नाही.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील, ते मी जाणते. पहिला आक्षेप असा, की हे दिवस साजरे करावेत अशी परिपत्रके येतात. अहवाल आणि छायाचित्रे पाठवावी लागतात. आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांना तास घेऊन हे सर्व सांभाळावे लागते. हे अगदी खरे आहे. पण दिवस साजरा करण्यास अर्धा तास पुरतो. परिपत्रकाला दिवस हवा असतो, मांडव नको असतो. दुसरा आक्षेप असा, की बहुतेक मुले गुणांसाठी आणि प्रमाणपत्रासाठी येतात. येतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांच्या घरी कोणी पदवीधर नाही, त्यांना प्रत्येक कागदाची किंमत कळते. परंतु प्रमाणपत्रासाठी आलेला मुलगाही खरे काम समोर दिसले, की त्यात रमतो. आणि सेवेसाठी आलेला मुलगासुद्धा नुसत्या भाषणांना कंटाळून मागच्या रांगेत मोबाईल काढतो. दोष मुलांच्या हेतूत नाही, यादीत आहे.

म्हणून येत्या वर्षाच्या कागदासाठी माझ्या काही साध्या सूचना आहेत. जुलैत नवी रोपे लावण्याआधी गेल्या वर्षीची किती जगली, ती मोजावीत आणि तो आकडा फलकावर लिहावा. उन्हाळ्यात पाणी घालायला जितकी माणसे नावानिशी तयार असतील, तितकीच रोपे लावावीत. रक्तदात्यांची गटवार सूची करून त्यांच्या चार पाळ्या लावाव्यात आणि मुलींची हिमोग्लोबिन तपासणी वर्षातून दोनदा व्हावी. व्याख्याने बाराऐवजी पाचच ठेवावीत, परंतु प्रत्येक व्याख्यान एखाद्या कामानंतर असावे आणि निम्मा वेळ प्रश्नांना द्यावा. त्या पाचांपैकी दोन वक्ते तरी असे असावेत, की ज्यांना कधी कोणी व्यासपीठावर बोलाविले नाही. एखादी आशाताई, एखादा सफाई कामगार, रात्री दारे धरणारा एखादा शेतकरी. त्यांनाही शाल आणि श्रीफळ द्यावे, कारण मान हा त्यांचाही आहे. शिबिराचे गाव तीन वर्षे तेच ठेवावे आणि दुसऱ्या वर्षी पहिले काम नवा खड्डा खणण्याचे नसावे, जुन्या खड्ड्यातील गाळ काढण्याचे असावे.

यांतली एकही सूचना खर्चाची नाही. हिच्यासाठी नवे परिपत्रक लागत नाही, अनुदान लागत नाही. लागते ती फक्त थोडी चिकाटी आणि कमी टाळ्यांवर समाधान मानण्याची तयारी. कामातून कार्यक्रम निघावा. कार्यक्रमासाठी काम शोधीत फिरण्याची वेळ येऊ नये. तसे झाले, तर पुढील वर्षीच्या अहवालात ‘संपन्न झाला’ हे शब्द कमी येतील आणि ‘अजून चालू आहे’ हे शब्द अधिक येतील. मित्रमैत्रिणींनो, तसा अहवाल लिहिण्याचे भाग्य आपल्या वर्षाला लाभो, एवढीच इच्छा!